बाळारामशेठचा ट्रॅक्टर आणि माझा निवाडा

ट्रॅक्टरचं जुनं इंजिन बोअर करून मोठं केलं की त्याची ताकद वाढते, अशी ज्यांची पक्की समजूत आहे, त्यांच्या जिवावर आमच्या घरची चूल दोन पिढ्या पेटली. तेव्हा त्या समजुतीला नावं ठेवायचा मला खरं तर अधिकार नाही. पण आता कल्याणच्या दुकानातलं मशीन आठवड्यातून एखाद-दोन दिवसच चालतं, म्हणून सांगून टाकतो. ताकद वाढत नाही. वाढली तर नावापुरती.

इंजिनाच्या ब्लॉकमध्ये गोल भोकं असतात आणि त्यांत पिस्टन वरखाली पळत असतो. वर्षानुवर्षं पळून भोक झिजतं, आणि झिजतं तेही सगळीकडून सारखं नाही. मग इंजिन धूर सोडतं, ऑइल पितं, चढावर धापा टाकतं. आम्ही ते भोक कातून पुन्हा गोल करतो. कातल्यावर ते थोडं मोठं होणारच, मग त्यात तेवढाच मोठा पिस्टन बसवायचा. इंजिन पुन्हा पूर्वीसारखं ओढायला लागतं आणि मालकाला वाटतं, भोक मोठं केलं म्हणून ओढतंय. अहो, म्हाताऱ्याला कवळी बसवली म्हणून तो जवान होत नाही, फक्त चावायला लागतो. पण हे गिऱ्हाइकाला सांगितलं तर ते शेजारच्या दुकानात जातं. म्हणून आम्ही मान हलवायचो.

ओळखीतल्या एका संपादकांनी यंदा गळ घातली, ‘तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा, दिवाळी अंकाला असं काहीतरी वेगळं हवं असतं.’ गमती आहेत. ठाण्याचे एक निवृत्त प्राध्यापक वडिलांच्या मोटारीचा ब्लॉक टॅक्सीच्या मागच्या सीटवर, चादरीत गुंडाळून, शेजारी स्वतः बसून घेऊन आलेले. मी मशीनवर ब्लॉक आवळत होतो तेव्हा म्हणाले, “भूल देत नाही ना?” मी हसलो. ते हसले नाहीत. जाताना कातलेल्या लोखंडाचा चुरा पुडीत बांधून घेऊन गेले. खाडीत होडी चालवणारा एक जण इंजिन आणायचा तो हार घेऊनच. मशीनला हार घालायचा, मला चपला काढायला लावायचा आणि मग भावावरून तासभर भांडायचा. असे पुष्कळ आहेत. त्यांच्यावर लिहायला बसलो आणि चार पानांनंतर लक्षात आलं, की एका ट्रॅक्टरला वळसा घालून मी सगळीकडे फिरतोय. बायकोने पानं वाचली आणि इतकंच म्हणाली, “छान आहे. रघू कुठे आहे यात?”

तर रघू.

रघू मिस्त्री मोहन्याला राहायचा. तिथली कंपनी बंद पडल्यावर तो इंजिनं बसवायच्या कामात आला. आमच्या धंद्यात दोन वेगळी माणसं असतात. मी भोक कातणारा. माझ्याकडे मशीन, दुकान, पाटी. रघू बसवणारा. त्याच्याकडे पान्यांची पिशवी आणि दोन हात. मी कातलेला ब्लॉक तो मालकाच्या अंगणात, झाडाखाली, जिथे मिळेल तिथे बसून जोडायचा. वयाने तो माझ्याहून मोठा, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला भाऊ म्हणून अहो-जाहो. त्यात कुणालाच काही वावगं वाटायचं नाही, मलाही नाही.

आता या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडलंय. नवीन बांधलेलं इंजिन जाम झालं, म्हणजे पिस्टन भोकात अडकून बसला, तर संशयित तिघे असतात. कातणारा, बसवणारा आणि चालवणारा. मग इंजिन उघडायचं, पिस्टन बाहेर काढून गोणपाटावर मांडायचे आणि सगळ्यांनी भोवती उभं राहायचं. पिस्टनवरचे ओरखडे बघून बरंचसं कळतं. एकाच बाजूला तिरके ओरखडे असले तर पिस्टनला जोडलेला दांडा वाकडा बसलाय. डोकं जळालेलं असलं तर डिझेलचा पंप वाढवलाय. चारी बाजूंनी ओरखडे असले तर मात्र दोन अर्थ निघतात. एक तर ऑइल पोचलं नाही, म्हणजे बसवणाऱ्याची चूक. नाहीतर भोकच तंग कातलंय, म्हणजे माझी चूक. यातलं कुठलं, ते डायल सांगतो. डायल म्हणजे भोकाची रुंदी मोजायचं घड्याळासारखं यंत्र, इंचाचा हजारावा भाग दाखवणारं. त्या हजाराव्या भागाला आम्ही थाऊ म्हणतो. आणि डायल असतो फक्त कातणाऱ्याकडे.

म्हणजे बघा, आरोपीही मीच आणि न्यायाधीशही मीच. कल्याणपासून दिव्यापर्यंत ही रीत सगळे पाळायचे आणि कुणाला त्यात काही खटकायचं नाही. बोअरवाला म्हणेल ते खरं. माझे वडील अण्णा, ज्यांनी दुकान काढलं, ते दोनदा स्वतःच्या विरुद्ध निवाडा देऊन स्वतःच्या खर्चाने ब्लॉक परत करून आले होते. त्यामुळे आमच्या दुकानाच्या शब्दाला वजन होतं. ते वजन मला आयतं मिळालं.

बाळारामशेठ डोंबिवलीच्या खाडीकडच्या अंगाला असलेल्या एका गावातले. भातशेती होती, मिठागरात वाटा होता. आता तिथे इमारती आहेत. राहिला होता वडिलांनी घेतलेला ट्रॅक्टर. तो त्यांनी पाण्याच्या टँकरला जुंपलेला. पूर्वी जी जमीन तो नांगरायचा, तिच्यावरच्याच इमारतींना आता पाणी द्यायचा. दिव्याच्या बाजूला मागणी एवढी, की त्यांनी मोठा टँकर बनवून घेतला, आणि तो ट्रॅक्टरला चढावर ओढवेना.

“इंजनेर,” शेठ म्हणाले. डिप्लोमा आणि चष्मा यांच्यामुळे त्यांनी मला ही पदवी दिलेली. “मोठा बोर मार. वरचे मॉडेलचे पिस्टन आनलेत मी. मना ताकद पायजे.”

“शेठ, नवीन ट्रॅक्टर घ्या ना. तुम्हाला काय जड आहे?”

“माजे बापाचा ट्रॅक्टर हाय त्यो. बापाला कमी दिसतंय म्हनून बाप बदलतंस का तू?”

दुकानात बसलेले सगळे हसले. मीही हसलो. शेजारच्या दोन दुकानांनी हे काम नाकारलेलं, एवढं मोठं भोक कातलं तर भिंत पातळ राहील म्हणून. मी भिंत तपासली. पुरेशी होती. मला ते काम करून दाखवायचं होतं, हे खरं कारण. ‘वरच्या मॉडेलचे पिस्टन जुन्या ब्लॉकमध्ये’ हे कल्याणात फक्त मीच करू शकतो, असं लोकांनी म्हणावं.

कातून झाल्यावर भोक घासून गुळगुळीत करतात. त्या घासण्याने ब्लॉक चांगलाच तापतो. तापलेलं लोखंड फुगतं, तेव्हा मोजलं तर भोक मोठं दिसतं. गार झालं की आक्रसतं. म्हणून अण्णांचा नियम होता, की ब्लॉक रात्रभर दुकानात राहील आणि शेवटचं माप सकाळी. अडलेलं गिऱ्हाईक असलं तरी सकाळी. हे आमच्या दुकानातला झाडू मारणाराही सांगेल.

त्या दिवशी शेठच्या पुतण्याची हळद होती. टेंपो दाराशी उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, शेठ नव्या कपड्यांत खुर्चीवर.

“शेठ, ब्लॉक उद्या सकाळी न्या. गरम आहे.”

“लोखंडाला ताप आलाय का काय? रातभर झोपवून ठेवतंस! औषद दे आनि सोड त्याला.”

पुन्हा सगळे हसले. मी पुन्हा हसलो. गरम ब्लॉकला डायल लावला, काटा बरोबर जागेवर होता. ‘घेऊन जा’ म्हटलं. अंदाजाने वाढवून कातायला हवं होतं असंही नाही. नुसतं थांबायला हवं होतं. शटर ओढताना मला ते आठवलं. घरी जेवताना आठवलं. पिस्टन मोठे आहेत, त्यांना जास्तच मोकळीक लागेल, हेही आठवलं. फोन उचलून ‘ब्लॉक परत पाठवा’ म्हणायला काय लागलं असतं? शेठ हळदीत असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

दोन-तीन दिवसांनी रघूचाच फोन आला. “भाऊ, पिस्टन हाताने ढकलला तर जात नाही. जरा तंग वाटतंय. एकदा येऊन डायल लावता का?”

इथे तरी मला म्हणता आलं असतं. पण त्याचं विचारणं मला झोंबलं. माझ्या मापावर मिस्त्री शंका घेतो?

“नवीन आहे रे, तंगच असणार. चालेल तसं मोकळं होईल. तू बसव.”

“बघा हं भाऊ.”

“बसव म्हटलं ना!”

त्याने बसवलं. बाळारामशेठने पहिल्याच आठवड्यात भरलेला टँकर लावून ट्रॅक्टर चढावर घातला. नव्या इंजिनावर एवढा लोड टाकणं, तीही चूकच. पण गिऱ्हाइकाची चूक गिऱ्हाइकाच्या अंगणात कोण सांगणार? अर्ध्या चढावर इंजिन एक आवाज करून गप्प झालं. चाकं जागच्या जागी धरली. कुणाला लागलं नाही, टँकर एका भिंतीला टेकून थांबला. नळी निसटून पाणी रस्त्यावर वाहायला लागलं तशा बायका हंडे-कळश्या घेऊन धावल्या, आणि ड्रायव्हर सांगत होता, की टँकर रिकामा होईपर्यंत एकीनेही विचारलं नाही, काय झालं म्हणून.

मग ते गोणपाट. शेठच्या अंगणात ते, त्यांचे भाऊ, टँकरवाले दोन-चार जण, रघू आणि मी. पिस्टन मांडलेले. चारी बाजूंनी ओरखडे. मी बघितलं आणि मला कळलं. रघूनेही बघितलं.

“आता बोल इंजनेर,” शेठ म्हणाले. “कोनाची चूक?”

मी म्हटलं, “दोन शक्यता आहेत. एकतर ऑइल...”

“भाऊ, डायल लावा,” रघू म्हणाला. आवाज चढवून नाही. नेहमीसारखाच.

ओरखडे पडलेल्या जागी मोजून उपयोग नसतो, म्हणून अगदी खाली, जिथे पिस्टन पोचत नाही, तिथे डायल लावतात. मी लावला. काटा हवा तिथून दीड थाऊ अलीकडे होता. केसाच्या जाडीच्या निम्मासुद्धा फरक नाही. पण इंजिन धरायला तेवढा पुरला होता. माझ्या मागून चार माणसं डोकावत होती. त्यांतल्या एकालाही डायल वाचता येत नव्हता.

“साईज बरोबर आहे,” मी म्हटलं.

रघू काट्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. “परत एकदा लावा.”

मी परत लावला. काटा परत तिथेच. “बरोबर आहे रे. ऑइल पोचलेलं नाही.”

रघूने चिंधीने एकेक बोट पुसलं. मग म्हणाला, “मग माझंच.”

शेठ त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाप काढला, गाव काढलं, ट्रॅक्टर नाय, माजा बाप जाळलास असं म्हणाले. मी मध्ये पडलो. आता हे वाचून तुम्हाला बरं वाटेल तर बघा, पण मी मध्ये पडून म्हणालो, “जाऊ दे शेठ, माणूस आहे, होते चूक.” एवढा मी मोठ्या मनाचा.

ब्लॉक मी पुन्हा दुरुस्त केला. या वेळी रात्रभर ठेवला.

खोटं का बोललो, याला चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. दुकान बुडालं नसतं. अण्णांनी दोनदा चूक कबूल केली तेव्हा गिऱ्हाईक वाढलंच होतं. पण अण्णांची चूक मशीनची होती. माझी होती ती दुकानातलं शेंबडं पोरही करणार नाही अशी. गरम ब्लॉक मोजला! हे मला पाच माणसांसमोर, आणि त्यातही रघूसमोर, बोलवेना. बस.

टँकरवाले सगळे एकमेकांचे सोयरे. बातमी फिरायला वेळ लागला नाही. मिस्त्रीचं काम पाटीवर येत नाही, नावावर येतं. रघूला आधी ट्रॅक्टर मिळेनासे झाले, मग टेंपो, मग काहीच. पण माझ्या छातीवर बसलंय ते वेगळंच. एकदा दुकानात एक तरुण मिस्त्री फोनवर जोडीदाराला म्हणत होता, “ऑइलची लाईन चेक कर भाई, रघू करू नको.”

मी विचारलं, “काय म्हणालास?”

“काही नाही भाऊ. ऑइल विसरायचं म्हणजे रघू करायचा. असं बोलतात सगळे.”

“रघू कोण?”

“काय माहीत. असेल कोणतरी येडा.”

मी होल्डरमधली कातणी बदलली आणि मशीन चालू केलं. त्यानंतर ते मी किती जणांच्या तोंडून ऐकलं, सांगता येणार नाही. ज्यांनी रघूला बघितलेलंही नाही, तेही म्हणायचे. एखाद्याचं नाव घालवणं म्हणतात, ते मी पुस्तकात वाचलं होतं. इथे नाव गेलं नव्हतं. राहिलं होतं, आणि ते जास्त वाईट होतं.

गेल्या वर्षी ठाकुर्लीला एका सोसायटीत कामासाठी गेलेलो. पंपाच्या खोलीशी स्टुलावर रघू बसलेला. तिथे पाण्याचा पंप चालू-बंद करायचं, व्हॉल्व्ह फिरवायचं काम करतो. केस सगळे पांढरे. मला बघून उठला, “या भाऊ” म्हणाला आणि स्टूल पुढे केलं. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच, इतकी वर्षं तोंडातल्या तोंडात घोळवलेलं सगळं बोलून टाकलं. गरम ब्लॉक, काटा, दीड थाऊ.

तो म्हणाला, “माहीत होतं मला.”

“माहीत होतं? मग तेव्हा बोलला का नाहीस?”

“बोललो की. डायल लावा म्हटलं. तुम्ही लावला. परत लावा म्हटलं. परत लावला. त्याच्यापुढे मी काय बोलणार होतो? माझ्या पिशवीत डायल होता का?”

मी माफी मागितली. त्याने मान हलवली, धड हो अशीही नाही, धड नाही अशीही नाही. मग त्याच्या मुलाचं सांगायला लागला. मुलगा ठाण्याला गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये लागलाय. लागल्या-लागल्या एक दिवस घरी येऊन विचारलं, “पप्पा, तिकडे पोरं ‘रघू करू नको’ बोलतात. तो रघू म्हणजे तुम्ही?”

“तू काय सांगितलंस?”

“काय सांगणार? हो म्हटलं.”

मी म्हटलं, “मी सांगतो सगळ्यांना. बाळारामशेठला, टँकरवाल्यांना, सगळ्या मिस्त्र्यांना. तुझ्या मुलालाही.”

“सांगा,” रघू म्हणाला. “मुलाला आधी सांगा.”

मुलाला मी ठाण्याला जाऊन गाठलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान खाली घालून. शेवटी म्हणाला, “काका, मी पप्पांशी महिनाभर बोलत नव्हतो.” आणि आत निघून गेला. मी गेटवर कितीतरी वेळ उभा होतो. तो परत बाहेर आला नाही.

मग बाळारामशेठ. ट्रॅक्टर त्यांनी केव्हाच भंगारात घातलेला. मी सांगितलं तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “अरं, व्हतं असा! पर तू सोताहून आलास सांगायला. अशी मानसं ऱ्हायली नाय आता.” चहा पाजला. चार दिवसांनी त्यांच्या भाच्याच्या जेसीबीचा ब्लॉक माझ्याकडे पाठवला, बरोबर निरोप, की इंजनेरकडेच द्यायचा, खरा मानूस आहे.

मिस्त्री चहा प्यायला जमतात त्या टपरीवर गेलो. तिथेही सांगितलं, नाव घेऊन, सगळं. एक जण म्हणाला, “जाऊ द्या भाऊ, होतं असं कधी कधी.” दुसरा म्हणाला, “दिलदार माणूस आहात.” चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. माझी एकही ऑर्डर कमी झाली नाही. लोक नव्याने मान देतात. मी तिथे थुंकून घ्यायला गेलो होतो, आणि हार घेऊन परत आलो. तेव्हा मला नीट कळलं, की त्या अंगणात खरं बोललो असतो तरी माझं काहीच गेलं नसतं. दुकानवाल्याची चूक म्हणजे अनुभव. पिशवीवाल्याची चूक म्हणजे त्याचं नाव.

परत ठाकुर्लीला गेलो. रघू पंपाच्या आवाजात कान देऊन बसलेला. मुलाशी बोललो हे त्याला आधीच कळलं होतं. बाकीच्यांनाही सांगून आलो, असं मी म्हटलं.

“मग? काय म्हणाले?”

मला खोटं बोलावंसं वाटलं. सांगावंसं वाटलं, की सगळे मला शिव्या घालत होते, तुझ्यासाठी हळहळत होते. पण या माणसाशी आता खोटं बोलायचं नाही, एवढं तरी ठरवून आलो होतो.

“म्हणाले, होतं असं कधी कधी.”

रघूने वरच्या टाकीकडे बघितलं, पंप बंद केला. एकदम शांत झालं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला,

“मला कुणी म्हणालं नाही हो तसं.”